लेखक अननोन

२ नोव्हेंबर, रविवार

घरात नवीन यंत्र आलं की पहिल्या दिवसापासून त्याचं लॉगबुक ठेवायचं, हा भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या आमच्या स्टोअर्स विभागाचा नियम. मी निवृत्त झालो, नियम झाला नाही. म्हणून महाराष्ट्र मंडळाने फुकट दिलेली ही डायरी, जिच्यात आजवर फक्त गॅस सिलिंडर कधी लागला तेवढंच लिहिलं आहे, आजपासून कामाला लावतो.

यंत्र म्हणजे ई-रीडर. मृणालने पुण्याहून आईसाठी पाठवलं. शाळेच्या पाटीपेक्षा लहान, राखाडी रंगाचं, बटण एकच. मी खोक्यातून काढून कमलच्या हातात दिलं. तिने ते तोलून पाहिलं आणि म्हणाली, "पातळ हाय. पोया ठेवाले बरं." आणि पोळ्यांचा डबा बाजूला सारून चहा टाकायला गेली.

तिने हसण्यावारी नेलं, पण तिच्या मनातलं मला लगेच समजतं. रायपूरच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यात सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसेल, मधलं पुसट होईल. चष्म्याने काही होणार नाही, अक्षर खूप मोठं मिळालं तर वाचता येईल. त्यामुळे कमल घरात कुठे अडखळत नाही, कपाबाहेर चहा सांडत नाही. पण पुस्तक धरलं की जो शब्द वाचायचा तोच नेमका गायब. तेव्हापासून तिने पुस्तक उघडलेलं नाही. या बाईने जन्मभर एका हाताने भाजी हलवत दुसऱ्या हातात पुस्तक धरलं आणि निम्म्या भाज्या करपवल्या. आता भाजी कधीच करपत नाही. इतकी नीट भाजी माझ्या घशाखाली उतरत नाही.

लॉगबुकात उद्दिष्ट लिहायचं असतं. ते असं: कमलने एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मृणाल फोनवर म्हणाली, "बाबा, कॅलिबर डाउनलोड करा. फ्री है."

मी म्हटलं, कॅलिपर माझ्याकडे आहे. व्हर्नियर, चांगल्यापैकी. पण पुस्तकाची जाडी कशाला मोजायची? ती एवढी हसली की तिच्या ऑफिसात कोणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं.

तर कॅलिबर. हे एक सॉफ्टवेअर आहे. कुठल्याही जातीची फाइल घ्या, हे ती ई-रीडरला पचेल अशी करून देतं, आणि सगळी पुस्तकं लावूनही ठेवतं. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय आणि कोणी पैसे मागत नाही. फुकट म्हटलं की मला शंका येते. प्लांटमध्ये फुकट आलेल्या मालाचं इन्स्पेक्शन मी दोनदा करायचो.

संध्याकाळी ते जुन्या लॅपटॉपवर उतरलं. उघडलं तर एक रिकामं कपाट, आणि येणाऱ्या प्रत्येक पुस्तकासाठी रकाने तयार: नाव, लेखक, मालिका, टॅग, प्रकाशक, भाषा. मला भरून आलं. अख्ख्या नोकरीत मला असं काही मिळालं नाही. कमलला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्यासाठीच बनवलं असंन कोनी."

५ नोव्हेंबर, बुधवार

ज्यांचे हक्क संपले आहेत अशी जुनी मराठी पुस्तकं इंटरनेटवर कोणालाही घेता येतात. मृणालने काही पाठवली. सगळी पीडीएफ. मी एक कादंबरी रूपांतराला टाकली आणि थोड्याच वेळात तयार माल हातात आला. कमलला वाचून दाखवू लागलो. नायिका पतीचा निरोप घेत होती: "तिने डोळे पुसले आणि ११७ म्हणाली."

पानांचे आकडे मजकुरात शिरले होते. पण कमलला ते सांगेपर्यंत तिने विचारलं, "एकशे सतरा? आसू मोजून राहिली होती काय?"

बऱ्याच दिवसांनी ती अशी हसली. आकडे उडवायची युक्तीही कॅलिबरमध्ये आहे, 'शोधा आणि बदला' नावाची. नेमका मजकूर द्यायचा आणि त्याच्या जागी काय हवं ते द्यायचं, की पुस्तकभर एकदम बदल होतो. फार जोरदार हत्यार आहे. जपून वापरलं पाहिजे.

८ नोव्हेंबर, शनिवार

तयार पुस्तकं ई-रीडरमध्ये जाईनात. केबल जोडली, लाइट लागतो, चार्ज होतं, पण लॅपटॉप म्हणतो असं कुठलं यंत्र जोडलेलंच नाही. मी ड्रायव्हर बघितले, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली, मृणालला तीनदा फोन केला. शेवटी कॅम्प-1 च्या बाजारात गेलो. दुकानदाराने केबल बोटात फिरवली आणि म्हणाला, "अंकल, ये सिर्फ चार्जिंग वाला है. डाटा इसमें जाता ही नहीं."

बाहेरून दोन्ही केबली सारख्या. माझ्या स्टोअर्समध्ये असं चाललं नसतं. नवीन घेतली आणि घरी येऊन तिला चिठ्ठी चिकटवली: 'डेटा'. जुनीला: 'फक्त चार्जिंग'.

९ नोव्हेंबर, रविवार

आजची नोंद सावकाश लिहितोय, कारण मला आनंद झालाय.

सकाळी गच्चीवर उन्हात कमलला खुर्ची दिली, ई-रीडर दिला आणि अक्षर वाढवत गेलो. वाढवलं, तिने मान हलवली. आणखी वाढवलं, पुन्हा नाही. एका पानावर जेमतेम पाच ओळी उरल्या तेव्हा तिने पाटी जराशी तिरकी धरली, कडेच्या नजरेने, आणि वाचलं, "गावाबाहेर". मग थांबली. मग "एक तळे होते".

ती पुढे वाचत गेली आणि मी उगाच लिंबाच्या झाडाला पाणी घालत राहिलो. खाली येऊन म्हणाली, "पानं लय पलटवा लागते. पन दिसते." जेवायला बसलो तेव्हा डाळ जरा लागली होती. करपली म्हणता येणार नाही, पण सुरुवात आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुस्तकांना कोड लावायला घेतलं. एक वस्तू, एक कोड, एक जागा. आपल्या साहित्याची अडचण ही की कादंबरी, कथा, कविता, सगळं 'क'. शेवटी क-१, क-२, क-३ केलं. कमलने विचारलं, "अन मले काय पायजे ते कसं सापडंन?" म्हटलं, कोड पाठ कर.

आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर माझ्या हातची चिठ्ठी आहे. डोळ्यांचं कळल्यावर मी सगळ्या जाड मार्करने पुन्हा लिहिल्या. कमल सांगते की तिने त्या आधीही कधी वाचल्या नव्हत्या, डबा हलवून आवाजावरून ओळखते. मला पटत नाही. मग चुका का होत नाहीत?

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. हल्ली दुपारी ती फोन घेऊन गच्चीवर जाते आणि बराच वेळ बोलत बसते. मृणालशी म्हणते. मी जिन्यात कान दिला तर ही एकटीच बोलत होती, मध्ये थांबत नव्हती, समोरच्याला संधी देत नव्हती. मृणाल एवढं ऐकून घेते म्हणजे गुणाची पोर आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मृणालची नवीन फाइल आली. नाव 'गमले'. लेखकाच्या रकान्यात काहीच नाही, म्हणून कॅलिबरने स्वतःच 'अननोन' लिहिलं. मला हे सहन होत नाही. नाव नसलेला माल मी कधी रॅकवर चढवला नाही. फोन केला.

"लेखक कोण आहे?"

"बाबा, ती नाव नाही सांगत."

"ती नाही, तो. लेखक पुल्लिंगी."

तिने फोनवर खाकरल्यासारखं केलं. मग म्हणाली, "हां बाबा. तो." पुण्यात राहूनसुद्धा मुलीचं मराठी बिघडत चाललंय.

कथा मात्र मजेदार. गोष्ट भिलाईतलीच, सेक्टरमधल्या क्वार्टरची. सांगणारी बाई रंगाच्या रिकाम्या डब्यांत टमाटर, मिरच्या लावते. आपण इकडे कुंडीला गमलाच म्हणतो, म्हणून ते नाव. तिचा नवरा कृष्णराव प्लांटमध्ये कामाला. तो प्रत्येक गमल्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घालतो आणि कुठल्या नंबरने किती दिलं त्याचा हिशेब ठेवतो. बायको काय करते, तो ड्युटीवर गेला की गमल्यांच्या जागा बदलते आणि नंबरांवर ओला चुना फासून दुसरे घालते. कृष्णरावला समजत नाही की चार नंबर एका आठवड्यात मिरची आणि पुढच्या आठवड्यात टमाटर कसा देतो. तो कृषी विभागाला पत्र लिहायला बसतो.

मी डोळे पुसेपर्यंत हसलो. कमल समोर बसली होती. म्हणाली, "कसा वाटला कृष्णराव?"

"असतात अशी माणसं," मी म्हटलं. "आमच्या सेक्शनला तीन होते. घरच्यांचं काय होत असेल कोण जाणे."

तिने तोंडावर पदर घेतला आणि भिंतीकडे वळली. खांदे हलत होते. थंडीचा खोकला असणार, म्हणून झोपताना हळदीचं दूध दिलं. आमच्याकडेही गमल्यांना नंबर होते, पण ते शास्त्रशुद्ध होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याच अननोनची दुसरी कथा आली, 'मीठ'. पुन्हा कृष्णराव. कमल आपली आपण ई-रीडरवर वाचतेय, पाटी तिरकी धरून, ओठ हलवत. एकच पान पुन्हा पुन्हा उघडते. एवढं काय आवडलं विचारलं तर म्हणाली, "छापल्यावानी दिसते." सगळंच छापल्यासारखं दिसतं, त्यासाठीच तर यंत्र आणलं.

माझं मत स्पष्ट सांगतो. या लेखकाकडे माल आहे, पण भाषेचा पत्ता नाही. पानोपानी मले, तुले, कावून, करून राहिली. घरात बोलायला ठीक. बोलताना माझंही घसरतं. पण माझे वडील नागपुरात मास्तर होते आणि कागदावर माझं कधी घसरत नाही. हे कमललाही सांगितलं.

"भाषा खराब हाय?" तिने विचारलं.

"खराब नाही. अशुद्ध आहे."

"अच्छा," ती म्हणाली आणि रुक्माला भांडी कुठली घासायची ते दाखवायला गेली. रुक्मा आमच्याकडे पंधरा वर्षं भांडी घासते आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तिसरी कथा आली, 'निरोप'. वाचण्याआधीच ठरवलं की तिन्ही शुद्ध करून कमलला द्यायच्या. तिला आधीच दिसायला त्रास, त्यात अशी भाषा कशाला वाचावी?

'शोधा आणि बदला' काढलं. आधी सरसकट 'ले' च्या जागी 'ला' दिलं. निकाल: लेकरूचं लाकरू झालं आणि लेखकाचा लाखक. ताबडतोब रद्द केलं. मग विचारपूर्वक काम केलं. मले: मला. तुले: तुला. कावून: का. बाकीचं हाताने. दिवस गेला, पण तिन्ही कथा स्वच्छ झाल्या. मूळच्या जागी त्या चढवल्या. पाठ थोपटून घ्यावी असं काम झालं.

अजून लेखक अननोनच. नाव कळलं तर त्यांना पत्र लिहून सुधारित प्रत पाठवता येईल. त्यांना बरं वाटेल.

३० नोव्हेंबर, रविवार

कमल वाचत नाहीये. गुरुवारी तिने 'गमले' उघडलं, दोन पानं वाचली आणि ई-रीडर खोक्यात घालून ठेवला. विचारलं तर म्हणाली, बॅटरी संपली. मी बघितलं, बॅटरी भरलेली होती.

दुपारी गच्चीवर फोनही घेऊन जात नाही. मटार सोलत बसते. जेवण उत्तम. भाजीला कुठे डाग नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सगळं करून पाहिलं. अक्षर आणखी वाढवलं, जाड केलं, ओळींमधलं अंतर वाढवलं. तिने एकेकदा बघून "बरं हाय" म्हटलं आणि ठेवून दिलं. डोळे आणखी बिघडले की काय, या भीतीने मला दोन दिवस चैन नाही. नेहरू नगरला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ते म्हणाले, होते तसेच आहेत.

मृणालला फोन केला.

"बाबा, फाइल में कुछ किया क्या?"

"काही नाही. फक्त शुद्धलेखन."

तिने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आईला विचारा."

विचारलं. कमल मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काई नाई. माकडाले हुसका लावलं."

"हे काय मराठी झालं? हुसकावून."

"तेच त," ती म्हणाली.

मला काही अर्थ लागला नाही. आमच्या जुनवानी भागात माकडं येतात हे खरं, पण आज एकही आलं नव्हतं. तिचा चेहरा मला आवडला नाही. यंत्र दिलं तेव्हा उद्दिष्ट लिहून ठेवलं होतं. ते आता आधीपेक्षा लांब गेलंय आणि माझं कुठे चुकलं ते मला सापडत नाही.

७ डिसेंबर, रविवार

लिहितोय. पहिली ओळ दोनदा खोडली.

सकाळी ठरवलं, ती वाचत नसेल तर आपण वाचून दाखवू. तिची आवडती कथा कोणती माहीत नव्हतं, म्हणून 'निरोप' घेतली. त्या दिवशी शुद्ध करताना मी ती नुसती तपासली होती, वाचली नव्हती. कमल स्वयंपाकघरात होती, दार उघडं. मी मोठ्याने सुरुवात केली.

कृष्णराव निवृत्त होतो. त्याचा सत्कार आहे. साहेब बोलतात, युनियनवाले बोलतात, मग कृष्णराव लिहून आणलेलं भाषण वाचतो. बायको मागच्या रांगेत बसलेली आहे, नवऱ्याच्या गळ्यातून उतरवलेले सगळे हार तिच्या मांडीवर. हारांचं पाणी साडीला लागतंय. मी वाचत होतो:

"सगळे पाहुणे जमला होते."

थांबलो. जमला होते? पुन्हा बघितलं. 'जमले' मध्ये 'मले' आहे. बदलताना तेही बदललं गेलं. माझ्या हातून अशी चूक. घाईने पुढची ओळ वाचली, "कोणी मला विचारलं नाही की बाई, तुला काही बोलायचं आहे का." आणि तिथे पान संपलं. या अक्षरात पान लवकर संपतं. मी पुढचं पान काढायला बोट उचललं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "विचारलं असतं त मी बोलली असती."

मी पान पलटवलं. पहिली ओळ: "विचारलं असतं तर मी बोलले असते."

मी मागचं पान काढून पाहिलं, पुन्हा पुढचं. मग मी जे विचारलं ते इथे लिहायची लाज वाटते, पण लॉगबुकात खरं लिहायचं असतं. मी विचारलं, "तू ही आधी वाचली होतीस?"

कमल दारात आली. हाताला कणीक होती. म्हणाली, "वाचली नाई. बोलली."

मग मला सगळं एकदम दिसलं. गच्चीवरचा फोन. मृणालचं 'ती'. 'छापल्यावानी दिसते.' हुसकावूनमधला कावून मीच काढून टाकला होता. आणि माझ्याच सत्काराचा दिवस, मांडीवर हार घेऊन बसलेली ही, आणि घरी येताना टॅक्सीत मी विचारलं होतं की भाषणात ऱ्हस्व-दीर्घाची चूक ऐकू आली नाही ना.

ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही, ती तेव्हा म्हणाली होती. मला तो विनोद वाटला होता.

"म्हणजे तो कृष्णराव..." मी म्हटलं.

"तीन होते ना तुमच्या सेक्शनले," कमल म्हणाली.

मी खाली बसलो. खरं म्हणजे मी बसलेलोच होतो, पण आणखी बसलो. मग जे आलं ते आपोआप आलं. "कमल, तुले काई बोलाचं हाय काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जरा बाजूने, जसं ती आता बघते.

"'तुला' म्हना," ती म्हणाली.

मग दोघं इतके हसलो की रुक्मा मागच्या दारातून आत येऊन "का होगे, का होगे" करत काय झालं ते विचारू लागली. आणि हसून झाल्यावर कमल बोलली. माहेरी, तुमसरच्या शाळेत बाई तिच्या निबंधातल्या प्रत्येक 'मले'वर लाल फुली मारायच्या, म्हणून तिने लिहिणंच सोडलं होतं. डोळे गेल्यावर वाचायला काही उरलं नाही तेव्हा डोक्यातलं बाहेर येऊ लागलं. बोलायचं, मृणालने ते टाइप करायचं, आणि मला न सांगता मला वाचायला द्यायचं, असं मायलेकींनी ठरवलं. "तुमी हसले ना गमल्याले," ती म्हणाली, "तवा मले वाटलं का आता सांगाव. मंग तुमी अशुद्ध म्हनले." पोळ्या राहिल्या. सकाळचं जेवण आम्ही चारला केलं.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी पहिलं काम मूळ कथा परत आणायचं. मृणालकडे प्रती होत्याच, पण तिने सांगितलं की कशाला, कॅलिबरमध्ये बघा. पुस्तकाच्या माहितीत, माझ्या शुद्ध प्रतीच्या शेजारीच, 'ओरिजिनल' नावाची एक प्रत निमूट पडून होती. रूपांतर करताना सॉफ्टवेअर मूळ फाइल टाकून देत नाही. मी विचारलं, असं का?

"बाबा, आपके जैसे लोगों के लिए," मृणाल म्हणाली.

ओरिजिनल परत आणली. सगळे पाहुणे पुन्हा जमले. माकडाला पुन्हा हुसकावून लावलं. मग मी तिन्ही कथा जशा आहेत तशा वाचल्या, एकही अक्षर न सुधारता. 'निरोप' दोनदा वाचली. 'मले' डोळ्यांना खटकायचं ते आता कमलच्या आवाजात ऐकू येतं, आणि तिच्या आवाजात ते बरोबरच आहे. 'कथा छान आहेत' हे मी तिला तोंडावर सांगितलं. याआधी कधी असं काही सांगितल्याचं आठवत नाही, म्हणून इथे नोंद करतो.

दुपारी ती फोन घेऊन गच्चीवर गेली. मी जिन्यात कान दिला नाही. थोडासाच दिला. कृष्णराव आता एक सॉफ्टवेअर शिकतोय.

१४ डिसेंबर, रविवार

सॉफ्टवेअरवाली चौथी कथाही आली, आणि चार कथांचं मिळून एक पुस्तक केलं. नाव 'गमले'. सगळ्यात आधी लेखकाच्या रकान्यातलं 'अननोन' काढलं आणि 'कमलिनी देवराव वैरागडे' लिहिलं. कॅलिबर स्वतःहून आडनाव पुढे घेतं, 'वैरागडे' आधी. मी ते तिला वाचून दाखवलं.

"यात मी कुठी हाय?" तिने विचारलं.

"शेवटी. पण तो नियमच आहे."

"नुसतं कमलिनी लिवा."

मी म्हटलं, आडनावाशिवाय लावायचं कसं, कुठल्या रॅकवर? तिने लॅपटॉपकडे बोट केलं. मी 'कमलिनी' एवढंच टाइप केलं आणि कॅलिबरने मुकाट्याने घेतलं. कोडसुद्धा लावला नाही. हे पुस्तक कुठे आहे ते मला शोधावं लागणार नाही.

डेटावाल्या केबलने पुस्तक पाठवलं. कमल भाजी फोडणीला टाकून गच्चीवर आली होती. पहिल्या पानावर नाव होतं. मी अक्षर वाढवत नेलं, जिथवर जातं तिथवर, आणि पडद्यावर तेवढा एकच शब्द उरला. तिच्या हातात दिलं. तिने पाटी तिरकी धरली, उन्हाकडे वळवली, पुन्हा तिरकी धरली. बोट एकेका अक्षरावरून गेलं. क, म, लि, नी.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"मले दिसून राह्यलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसलं तर दिसायचं थांबेल म्हणून तिने पुसलं नाही.

मग अक्षर कमी करून पाच ओळींवर आणलं आणि ती पहिल्या पानापासून वाचू लागली. ओठ हलत होते. पान पलटायची, हसायची, पुन्हा मागे जायची. मी लिंबाला पाणी घातलं, मग दुसऱ्यांदा घातलं. जिन्यातून वास येऊ लागला. तिला आला नाही. ती शेवटच्या पानापर्यंत पोहोचेपर्यंत मी तिला हाक मारली नाही, आपणच खाली जाऊन गॅस बंद केला.

वांगी होती. तळाशी काळी झाली होती. दोनदा वाढून घेतली.